वाकडं लावलेलं निजामी तिकीट

बीड, पौष वद्य तृतीया, गुरुवार. दिवेलागण.

नगरचे वकील सकाळी माझी तिकिटांची वही बघून गेले. त्यांना नेमकं तेच पाकीट हवंय, निजाम सरकारचं तिकीट वाकडं लावलेलं. बदल्यात राणीचं जुनं तिकीट देतो म्हणाले. त्याच्यासाठी मी किती वर्षं झुरतोय!

हे पाकीट हिनं बाळंतपणाला नगरला माहेरी असताना, इथून नेलेलं तिकीट लावून धाडलं होतं. तिकडं इंग्रजी मुलखात आपलं तिकीट चालत नाही, म्हणून पत्र बिनतिकिटाचं धरून बैरंग आलं. दुप्पट हशील भरताना मी पोस्टमनसमोरच हिच्या नावानं बडबडलो. मग फोडलं. मुलगी झाली, दोघी खुशाल, एवढंच होतं.

वहीत त्याच्याखाली मी लिहून ठेवलंय, 'हिचं चुकीचं पाकीट'. येईल त्याला हसत हसत दाखवतो. वकिलांनाही दाखवलं.

मघाशी हिला विचारलं, देऊन टाकू का?

वाती वळता वळता म्हणाली, "द्या की. पण चुकीचं कावून म्हणता? तिकडं चालत न्हाई, ठावं होतं मला. आधीची दोन पत्रं तुमाला पोचलीच न्हाईत. बैरंग असलं की पैसे घ्यायला तरी पोस्टमन दारात येतोच."

मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

"लोकांना दाखवताना तुमी लई खुशीत असता."

वाकडं तिकीट पुन्हा बघत बसलो. वकिलांना उद्या नाही म्हणून कळवतो. वहीतला 'चुकीचं' एवढा शब्द खोडला. 'हिचं पाकीट' राहिलं.