कांताचे सदोष गेम

१९ जानेवारी १९८७

बस गेली. बसची चावीही गेली. त्याबदल्यात मिळाली क्लबाची चावी! एकोणीस वर्षं ऊर्जानगरच्या वीजकेंद्राची स्टाफ बस चालवली, एक कोंबडी मारली नाही. आणि आता काम काय, तर सकाळी क्लब उघडा, कॅरमवर पावडर टाका, चार वाजता कुलूप लावा. साहेब म्हणाले, "रामाजी, इन्क्वायरी होईपर्यंत हलकं काम." हलकं! बसून बसून मीच जड होणार.

काय झालं ते माझ्या या रोजच्या वहीत एकदा सरळ लिहून ठेवतो. चौदा तारखेला, संक्रांतीला, सकाळच्या पाळीची बस घेऊन कॅन्टीनच्या वळणावर आलो. रस्ता मोकळा. एकदम डावीकडे धाडकन आवाज! उतरून पाहतो तर कॅन्टीनमधला नथ्थू सायकलसकट खाली. पाय मोडला. तो म्हणतो, मी कडेनं सरळ चाललो होतो. मी म्हणतो, तो हवेतून आला. मोकळा रस्ता मी या दोन डोळ्यांनी पाहिला.

१६ फेब्रुवारीला इन्क्वायरी. चूक माझी निघाली तर माझी नोकरी जाते. त्याची निघाली तर त्याचं नाव कटते — रोजंदारीवरचा माणूस, त्याला कोण ठेवणार? दोघांपैकी एकाचं जाणारच. माझं जाणार नाही.

२१ जानेवारी

क्लबात कॉम्प्युटर आहे. म्हणजे टाइपरायटरसारखी एक पाटी, टीव्हीला जोडलेली, बाजूला टेपरेकॉर्डर. कांता, आमची लेक, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, दुपारी कॉलनीतल्या पोरींना त्याच्यावर शिकवते. आता स्वतःच गेम बनवून राह्यली. चार-पाच बनवायचे, त्यातला बरा गॅदरिंगला लावायचा.

"बाबा, तुमी रिकामेच बसून हाय. खेळून सांगा ना. पन गोड बोलू नका."

मी गोड किती बोलतो ते तुझ्या आईला विचार, म्हटलं.

गेम पहिला — मोहफूल. कॅसेट लावली की पाच मिनिटं टेप नुसती किंचाळते, दारात मांजराचं शेपूट सापडल्यासारखी. मग टीव्हीवर झाड येतं. फुलं पडतात, खाली टोपली. एक बटण दाबलं की टोपली डावीकडे, दुसरं दाबलं की उजवीकडे. फुलं झेला. झालं! एवढ्यासाठी बीएस्सी.

उजवीकडचं एक फूल सोडलं नाही मी. पण डावीकडची? ती पडतच नाहीत, सरळ जमिनीवर दिसतात! शेवटी आकडा येतो, चौदा चुकली. कुठची चौदा? माझं लहानपण मोहाखाली गेलं. फूल झाडावरून खाली येताना दिसतं, एवढं तरी हिला माहीत पाहिजे. दहापैकी तीन. त्यातले दोन लेक म्हणून.

२२ जानेवारी

पेपरवाल्यांना काय झालं? ओळीचा पहिला शब्दच छापत नाहीत. "...यांनी उद्घाटन केले." कोणी केलं? सांगायचं नाही म्हणे!

२४ जानेवारी

गेम दुसरा — बस. बापाची बस गेली म्हणून लेकीनं दुसरी दिली!

रस्ता वरून खाली सरकतो, बस म्हणजे एक चौकोनी डबा. समोरून बैल, गाड्या, माणसं. चुकवत जायचं. नऊ वेळा खेळलो, नऊही वेळा चाळीस सेकंदांत खलास. बैल डावीकडून प्रकट होतात. चालत येत नाहीत, प्रकट होतात! देवळातल्या देवानंही एवढी घाई केली नसती.

आणि सायकल! हिनं सायकलही ठेवली! "हे मुद्दाम केलं काऊन?" म्हटलं. कांता म्हणाली, "रस्ता म्हटलं की सायकल असतेच ना, बाबा." तोंड फिरवून वायर गुंडाळत बसली.

दहापैकी एक. तो टेपरेकॉर्डरला.

२५ जानेवारी

रविवार. घरवालीनं, मनकर्णेनं, वांग्याची भाजी वाढली नाही. नुसता भात आणि वरण.

"भाजी काऊन ठेवली जी?" वरून मलाच विचारते.

"वाढलीच कुठी तू?"

तिनं ताट अर्धं फिरवलं. भाजी हजर! जादूचे प्रयोग घरातच सुरू झाले, तिकीट नाही. तेवढ्यात म्हणाली, "डोकं दुखलं होतं तवापासून तुमचं ध्यान नाई राह्यलं." संक्रांतीच्या आधी कधीतरी एक दिवस डोकं दुखलं, ते हिला अजून पुरते. नवरा आजारी असला की बायकांना काय आनंद होतो!

उठताना डावा खांदा चौकटीवर आपटला. चौकट पण सरकली म्हणायची.

१ फेब्रुवारी

क्लबात सुकरी आली. नथ्थूची बायको. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तर आली नाही. नथ्थू अजून चंद्रपूरच्या दवाखान्यात, पाय टांगून.

"भाऊ, तो कडेनंच चालला होता. एवढंच सायबाले सांगा."

"मले दिसला नाई त सांगू कसा?"

"दिसला नाई म्हनता," ती म्हणाली, "मंग नव्हता असं काऊन म्हनता?"

मी म्हटलं, वकिली शिकून आली काय? पहिल्यांदा नवऱ्याला सायकल शिकव. तिनं पदर सावरला आणि गेली.

बोलायला नको होतं. बोललो. आता लिहून काय होते?

३ फेब्रुवारी

गेम तिसरा — वाघ-बकरी. आपला जुनाच खेळ, आवारात खडूनं पट आखून खेळायचा तो. इथं वाघ कॉम्प्युटर आणि बकऱ्या माझ्या. घाई नाही, बैल नाही, सायकल नाही. म्हटलं, आता दाखवतो! आमच्या गावात मला हरवणारा एकच होता, तो मेला.

पाच डाव हरलो. वाघ दरवेळी डावीकडून बकऱ्या खात आला.

कांता मागे उभी होती. हळूच म्हणाली, "बाबा, डावीकडल्या बकऱ्या तुमी एकदाही हलवल्या नाई."

"डावीकडे होत्याच कुठी?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मी परीक्षेचा पेपर असल्यासारखी. गेमला दहापैकी चार. वाघ लबाड आहे.

५ फेब्रुवारी

सोमाजी आला. माझा जोडीदार ड्रायव्हर, युनियनचाही माणूस. इन्क्वायरीत माझ्या बाजूनं बोलणार आहे. "तू फक्त येवढंच म्हन, सायकल अचानक आली. बाकी मी पाहून घेतो."

बोलता बोलता त्यानं बसचा गेम खेळून पाहिला. सोमाजी! ज्याला बस मागे घ्यायला तीन माणसं लागतात — आरपार पोचला! बैल चुकवले, गाडी चुकवली, सायकल चुकवली. "मस्त हाय गं कांता!" म्हणे.

"डावीकडचे बैल एकदम येतात ना?" मी विचारलं.

"एकदम कुठी? वरूनच तर दिसून राह्यले."

मला राग आला. कोणावर आला ते अजून ठरलं नाही.

६ फेब्रुवारी

गेम चौथा. नाव काय विचारलं तर म्हणे, "नाव नाई ठेवलं अजून." वाघ नाही, झाड नाही, काही नाही. मध्ये एक पांढरा ठिपका, त्याच्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला दुसरा ठिपका चमकला की बटण दाबायचं. रद्दीत टाकण्याच्या लायकीचा गेम! तसं म्हटलंही. ती हसली नाही.

खेळलो. उजवीकडचे वीसपैकी वीस. डावीकडचे शून्य.

"टीव्ही बिघडला," मी म्हटलं.

सोमाजी आजही आला होता, कॅरमवर बसला होता; तिनं त्याला हाक मारली. दोघांनी मिळून टीव्ही उचलला आणि टेबलावर चक्क उलटा ठेवला, डोकं खाली पाय वर. "आता खेळा, बाबा. डावी बाजू खराब असन त ती आता उजवीकडे आली."

खेळलो. टीव्ही उलटला तसा आकडाही उलटला. आता मशीन म्हणते, टीव्हीच्या उजव्या बाजूला शून्य, डाव्या बाजूला वीस. म्हणजे टीव्ही निर्दोष. मोहाचं झाड निर्दोष, बैल, वाघ सगळे निर्दोष. शून्य दोन्ही वेळा माझ्याच डाव्या हाताला होतं.

सोमाजी टीव्हीकडे बघत राहिला. कांता रडत होती. ती माझ्या डावीकडे उभी होती, म्हणून आधी आवाजच ऐकला. मग मान वळवली.

मार्क दिले नाहीत.

९ फेब्रुवारी

चंद्रपूरला डॉक्टरकडे. मनकर्णा आणि कांता दोघी सोबत, पळून जाणार होतो जसा! डॉक्टरनं बोट नाचवलं, पेन नाचवला, शेवटी म्हणाला, "डोळे उत्तम आहेत. बिघाड आत आहे. डोक्यातली एखादी बारीक नस बंद पडली असेल. डावी बाजू दिसत नाही, आणि दिसत नाही हेही कळत नाही."

उत्तम! एवढी वर्षं बस चालवून मिळालं काय, तर अर्धं जग, आणि त्याचाही पत्ता नाही.

"बस?" मी विचारलं.

"बस नाही," तो म्हणाला. "आता कधीच नाही."

मनकर्णेनं विचारलं, हे कधीपासून? डॉक्टर म्हणाला ते नक्की सांगता येत नाही. पंधरा दिवस असतील, महिना असेल. जाताना एक युक्ती सांगितली — वाचताना, लिहिताना पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ मारायची आणि ती दिसेपर्यंत मान वळवायची. पहिलीतल्या पोराला सांगतात तसं. मी हो म्हटलं. मारली नाही.

११ फेब्रुवारी

सोमाजी खुशीत. "आरे, डॉक्टरनं तारीख नाई सांगितली ना? मंग झालं! अपघातानंतर झालं म्हन. टेन्शननं झालं. चौदा तारखेले तुले सगळं दिसत होतं. तुले मेडिकलवर घरी बसवतीन, इज्जतीत. डाग नाई लागनार."

"आणि नथ्थू?"

"त्याचं त्यो पाहीन."

पटलं. खोटं का लिहू? पटलं मला. एकोणीस वर्षं बिनडागाची, ती का सोडू? चौदा तारखेला मला दिसत होतं की नव्हतं, याला साक्षीदार कोण? मीच. आणि मी तर म्हणतो, दिसत होतं.

सुकरीचं ते वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. एवढी जागा रिकामी झाली डोक्यात, नेमकं तेच राहिलं!

१४ फेब्रुवारी

कांतानं सगळे गेम आवरले, गॅदरिंगला एकही देणार नाही म्हणते. मी रागावलो. मोहफूल दे, म्हटलं, चांगला आहे तो. "तुमी त तीन मार्क दिले होते," ती म्हणाली. आता नऊ देतो म्हटलं. एक कापला, कारण टोपली फार लहान. तेव्हा कुठं हसली.

मग तिनं खिशातून लाल पेन्सिल काढून माझ्यासमोर ठेवली. "रेघ मारा, बाबा. रोज मारा."

१५ फेब्रुवारी

रेघ मारली. याच वहीत, या पानाच्या डाव्या कडेला. मग मान वळवत गेलो, वळवत गेलो, रेघ दिसेपर्यंत. आणि मला वही दिसली.

अर्धं पान कोरं आहे. माझ्या सगळ्या ओळी पानाच्या मधूनच सुरू होतात. रोज लिहितो मी, रोज! एकदाही दिसलं नाही.

मागची पानं उलटली. फेब्रुवारी — अर्धी कोरी. जानेवारीचा शेवट — अर्धा कोरा. बसच्या गेमचं पान, सुकरीचं पान, सगळी तशीच. मी आणखी मागे गेलो.

जानेवारीच्या एक तारखेपासून दहापर्यंत ओळी कडेपासून, रांगेत उभ्या असल्यासारख्या. अकरा तारीख, रविवार. "आज डोकं फार दुखलं, दिवसभर पडून." ती ओळ कडेपासून चार बोटं आत. बारा — तशीच. तेरा — अर्धं पान कोरं. "उद्या संक्रांत, पहिली पाळी माझी," असं लिहिलंय. पानाच्या उजव्या अर्ध्यात.

चौदाला मी बस काढली.

मनकर्णेला वही दाखवली. तिला वाचता येत नाही, पण कोरं काय ते तिला कळतं. बोट ठेवून म्हणाली, "हे पान कोनत्या दिवशीचं?" सांगितलं. ती खाली बसली. मग म्हणाली, "सुकरीले मी तोंड दाखवू शकत नाई, तुमी उद्या खोटं सांगितलं त."

१६ फेब्रुवारी

ही ओळ मान वळवून, लाल रेघेला टेकवून लिहून राह्यलो. आता पुन्हा हिच्यात लिहिणार नाई, कारण वही इन्क्वायरीच्या सायबाच्या टेबलावर ठेवतो. अकरा, बारा, तेराची पानं दुमडली हाय. साहेब, वाचायची गरज नाई, नुसतं पाहा.

नथ्थू कडेनंच चालला होता.