अकर्मक

१२ नोव्हेंबर, दुपारचे तीन

चि. खारूस,

आशीर्वाद. आशीर्वाद द्यायला वय पुरतं, अक्कल लागत नाही, म्हणून देतोय. मी ठीक. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो. तू घर सोडून गेलीस हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. आईचं पुढे लिहितो.

काल मोजणीवाल्या बाई पुन्हा आल्या. दर तीन महिन्यांनी तेच घर, तेच प्रश्न. देशात कामावर असलेले आणि काम शोधणारे मिळून शेकडा किती, ते काढतात. तो आकडा म्हणे बरीच वर्षं उतरतोय, बायकांचा तर जास्तच. म्हटलं, "बाई, देशाचं राहू द्या, आमच्या घराचं मांडा." आठ वर्षांपूर्वी तू लॅबमध्ये रक्त तपासायचीस, मी शाळेत संस्कृत शिकवायचो. तिघांत दोन. आई अंथरुणाला खिळली, तू लॅब सोडलीस. तिघांत एक.

मग मे महिन्यातली ती सकाळ.

"बहीण काय करतात?"

"काही नाही."

"काम शोधताहेत?"

"छे! आमची बहीण म्हणजे अकर्मक धातू. क्रिया आहे, कर्म नाही."

बाई हसल्या, मीही हसलो. हसणं हेही अकर्मकच. आतल्या खोलीत तू आईची कूस बदलत होतीस.

संध्याकाळी बॅग भरलीस. "दादा, आता क्रिया तू कर," एवढंच म्हणालीस.

केली. आईजवळ ठेवायला माणूस शोधला, कुणी आठवडाभर टिकेना. शेवटी मीच शाळा सोडली. ऑगस्टमध्ये बाईंनी विचारलं, "काम शोधताय?" म्हटलं, "वेळ कुठाय?" त्यांनी तुझ्या नावापुढे केली होती तीच खूण माझ्या नावापुढे केली. दोघांत शून्य.

खारू, कूस दर दोन तासांनी बदलायची असते हे मला माहीत नव्हतं. तू रात्री कितीदा उठायचीस, मी कधी विचारलंच नव्हतं. पंधरा दिवसांत आईच्या पाठीला जखम झाली. तुझ्या आठ वर्षांत एकही झाली नव्हती. ती भरलीच नाही.

काल बाईंनी विचारलं, "घरात माणसं किती?" मी म्हटलं, "एक." त्यांचं पेन थांबलं.

सव्वीस ऑक्टोबरला आई गेली. तुझा फोन लागत नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. लावलाच नव्हता. तू पहिल्यांदा पाठीचं विचारशील, याची भीती वाटली.

लाजणं, जागणं, झिजणं, भिणं, मरणं: अकर्मक धातूंची ही यादी मी बत्तीस वर्षं मुलांकडून घोकून घेतली. यातलं जागणं आणि झिजणं तुझ्या वाट्याला, लाजणं आणि भिणं माझ्या. उरलेलं आईनं केलं.

मे महिन्याची ती नोंद बदलाल का, असं बाईंना विचारलं. म्हणाल्या, "मागचं खोडता येत नाही, काका."

तू ये, असं म्हणायचा हक्क मला नाही. लॅबनं परत घेतलं का, एवढं कळव. घेतलं असेल, तर कुठेतरी एकानं आकडा वर गेला म्हणायचा.

आणखी एक. त्या सकाळी मी मुद्दाम मोठ्यानं बोललो होतो.

आतलं दार उघडं होतं हे माहीत असलेला,
दादा