शिंपीणबाईंची प्रार्थना

१२ मार्च, दुपार

प्रिय ताईस,

प्रभूमध्ये सलाम. भावजींची कंबर आता कशी आहे? पोरांना गोड पापा. माझी तब्येत ठणठणीत आहे. भूक तर अशी लागते, की शेजारणीनं मला जेवायला बोलवायचंच सोडलंय.

तू पत्रात दोनदा विचारलंस, घसा कसा आहे आणि घरी कधी येतोस. इकडचं ऊन, वारा, शेजारणीची मांजर, सगळं लिहून टाळावं असं मनात होतं. पण तुझ्यापुढे माझी डाळ कधी शिजली आहे?

आवाज आता परत येणार नाही, ताई. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर थांबायला सांगितलं होतं, ते थांबून झालं. रडू नकोस, माझं रडून झालंय. ज्यानं सुवार्ता सांगायला मला इतक्या लांब धाडलं, त्यानंच माझा गळा काढून घ्यावा? मी त्याच्याशी खूप भांडलो. पण तोंडातून शब्द फुटत नसेल, तर भांडणातही काही राम नाही.

मिशननं नवा पाळक पाठवलाय. उपदेश चांगला करतो आणि वेळेवर संपवतो, त्यामुळे मंडळी खूश आहे. मला मात्र आता घरी जायला सांगतील, म्हणून जीव टांगणीला लागला होता. हात रिकामे नकोत म्हणून मी चर्च उघडायचो, बाकं पुसायचो. तर लोक शेजारी येऊन बसायला लागले. नळ दुरुस्त करणारा एक जण आहे. मी उपदेश करायचो तेव्हा मला पाहून रस्ता बदलायचा. तो आमचा गळका नळ बघायला आला आणि पाना हातात धरून दुपारभर बोलत बसला. जाताना म्हणाला, "तुमचा देव कधी बोलत नाही, म्हणून माझा त्याच्यावर राग होता. आज तुम्हीही बोलला नाहीत, पण मला बरं वाटलं." नळ अजून गळतोच आहे.

तेव्हापासून वाटतं, आपण देवाला बोलणारा समजून बसलो. तो बहुतेक वेळ ऐकत असावा, आणि आपलं सांगून संपायची त्याला घाई नसावी. इतकी वर्षं मी उपदेश केला, पण हे मला सुचलं नव्हतं.

डॉक्टरांचं बोलणं मी इथे कुणाला सांगितलं नव्हतं. त्यामुळे मंडळी दर बुधवारी माझ्या आवाजासाठी प्रार्थना करायची. गेल्या बुधवारी शिंपीणबाई उभ्या राहिल्या. मुलगा गेल्यापासून त्या कुणाशी धड बोलत नव्हत्या. हल्ली रोज दुपारी काजं करायचे कपडे घेऊन माझ्या बाकावर येतात. डोळे मिटून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "प्रभू, यांचा आवाज इतक्यात परत देऊ नकोस रे. माझं सांगून व्हायचंय अजून."

आमेन म्हणावं की नाही, या पेचात नवा पाळक माझ्याकडे बघायला लागला. मी दोन्ही हात वर करून नुसत्या ओठांनी आमेन म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी मिशनला लिहिलं: पाळक म्हणून नको, झाडलोट करायला तरी ठेवा. काल होकार आला.

तेव्हा मी घरी येत नाही. माझ्यासाठी रंगवलेली खोली भाचीला दे. मी सुखात आहे, खरंच. तूच इकडे ये. लहानपणी मी तुला एकही वाक्य पुरं करू दिलं नाही. तुझं राहिलेलं सगळं घेऊन ये, बाकावर जागा आहे.

तुझी वाट पाहणारा,
तुझा बडबड्या