आपल्या घराचं पान

स्टोरविक
१४ मार्च २०२३

प्रिय आयनारदादा,

तुझं नाताळचं पत्र जानेवारीत पोचलं. तिकडे समुद्राकाठी पाऊस थांबत नाही आणि तुझे गुडघे दुखतात, हे कळलं. इथलं सांगायचं तर आज सकाळी उणे एकवीस, वारा वायव्येचा, आणि बर्फ खिडकीच्या खालच्या काचेला टेकलेला. बघ, झालं सुरू. चौसष्ट वर्षं आपण भाऊबहीण एकमेकांना फक्त हवामान कळवत आलोय. आज थोडं जास्त लिहायचंय.

गावात आता आम्ही अकराच जण आहोत. रूळ उखडून नेले, धान्याची उंच कोठी पाडली, टपाल आणायला चाळीस किलोमीटर जावं लागतं. आजोबांच्या पिढीची मला अजून गंमत वाटते. नॉर्वे सोडून या कोरड्या माळावर आले, तिकडच्या आठवणीने गावाचं नाव ठेवलं स्टोरविक, म्हणजे ‘मोठी खाडी’, आणि पाणी कुठलं, तर बदकांचं एक डबकं, तेही जुलैत आटणारं. दुष्काळ आले, टोळ आले, मे महिन्यात हिमवादळ आलं, तरी ही हट्टी माणसं हलली नाहीत. यंदा गावाला एकशेदहा वर्षं झाली, म्हणून गावाचं पुस्तक पुन्हा काढतोय.

रीत तीच आहे. प्रत्येक घराने आपलं पान आपण लिहायचं, हॉलमध्ये कॉफीबरोबर सगळ्यांना वाचून दाखवायचं, आणि दुसऱ्याच्या पानातल्या शब्दाला कुणी हात लावायचा नाही. त्यामुळेच हेल्गेसन आजोबांनी वणवा एकट्याने विझवला असं छापून आलंय. त्या दिवशी ते विहिरीत लपून बसले होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण पान त्यांचं, मग बोलणार कोण? १९८० सालच्या पुस्तकातलं आपलं पान बाबांनी सांगितलं आणि टाइप मी केलं. तुला ते मी कधी पाठवलं नाही. त्यात लिहिलंय, ‘१९५९च्या जानेवारीत माझ्या मुलाने दोर सोडून ठेवला, त्यात माझा पाय गेला. मुलगा आता बाहेर असतो.’ एवढंच. गावातली नातवंडं-पतवंडं तुला त्या दोन ओळींवरून ओळखतात.

तो जानेवारी तुलाही आठवत असेल. चिनूक, तो डोंगराकडचा ऊबदार वारा, तीन दिवस वाहत होता. छपरं गळायला लागली, अंगणात चिखल झाला, माणसं सदऱ्यावर हिंडायला लागली. हिवाळा संपला असं दर वर्षी वाटतं आणि दर वर्षी आपण फसतो. गावातल्या सगळ्या बायकांनी गोधड्या धुवायला काढल्या. आपली वाळत घालायची तार बर्फाने तुटली होती. घरापासून गोठ्यापर्यंतचा दोर, जो हिमवादळात धरून चालायला तू दर ऑक्टोबरला बांधायचास, तो मी सोडला आणि गोधड्यांसाठी झाडांमध्ये ताणला. संध्याकाळी परत बांधीन म्हटलं. चौदा वर्षांची होते, दुसऱ्या दिवशीच्या नाचाचे बेत डोक्यात होते, विसरले. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला वारा उत्तरेकडून फिरला, हिमवादळ सुरू झालं आणि बाबा व्यायला झालेल्या गाईकडे निघाले. चाळीस पावलांवरच्या गोठ्यासाठी ते दोन तास त्या पांढऱ्या अंधारात चकरा मारत होते, तोवर पाय गोठून गेला.

पाय कापल्यावर दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी तुला विचारलं, “दोर सोडायला तुला सांगितलं कुणी?” तू माझ्याकडे बघितलंस, अगदी एकदाच, आणि म्हणालास, “कुणीच नाही.”

तुला माहीत होतं. गोधड्या कुणी वाळत घातल्या ते तू पाहिलं होतंस. मी तोंड उघडलं नाही. एप्रिलमध्ये तू गाडीत बसलास तेव्हाही मी फक्त डबा दिला. बाबा गेल्यावर तू आला नाहीस, तेव्हा लोक म्हणाले, पोरगा दगडाचा आहे. मी तिथेच सँडविच वाढत होते आणि तेही ऐकून घेतलं. दादा, मला लाज वाटते. इतकी वर्षं तुझ्या जिवावर मी या गावात गुणी मुलगी म्हणून मिरवले.

गेल्या रविवारी हॉलमध्ये मी आपलं नवं पान वाचलं. त्यात लिहिलंय, ‘दोर गुड्रुनने सोडला होता. आयनारने तो आळ आपल्यावर घेतला.’ पुढे मला वाचवेना. मग थोरा बक्केनने किटली उचलली आणि म्हणाली, “चौसष्ट वर्षं लावलीस, बये. कॉफी पार गार झाली तुझी. आण इकडे कप.” ती एवढंच बोलली, पण जाताना प्रत्येकाने तुझा पत्ता उतरवून नेला.

पान शुक्रवारी छापायला जाईल, म्हणून तुला आधी कळवतेय. जूनमध्ये पुस्तक वाटायचंय. गुडघे साथ देत असतील तर ये, माझी खालची खोली रिकामीच आहे. आणि तुला न विचारता पान लिहिलं, याचा राग मानू नकोस. विचारलं असतं तर तू “जाऊ दे” म्हणाला असतास, आणि मी पुन्हा जाऊ दिलं असतं.

तुझीच धाकटी,
गुड्रुन