लाइन कट होण्याचं कारण

उमरखेड,
१२ नोव्हेंबर २००३

प्रिय अश्वजित,

सप्रेम जयभीम. इकडे सगळे खुशाल.

एक गंभीर तक्रार नोंदवून घे. दिवाळीच्या सुट्टीत तू इथे कॉम्प्युटर आणि मॉडेम बसवून गेलास, तेव्हापासून मॉडेमच्या किंकाळीने शेजारच्या मानीबाईंची शेळी दोनदा दावं तोडून पळाली. तिच्या वतीने मी तीव्र निषेध व्यक्त करतो.

दम मोजायच्या नळीत माय फुंकते, तो आकडा रोज सातला तुझ्या मशीनमध्ये जायचा, तू तिथे पुण्यात डॉक्टरीणबाईंना दाखवायचा, त्यावर गोळ्या ठरायच्या, असा तुझा बेत. पाच दिवस एकही गेला नाही. तुझा सूचनांचा कागद पुढ्यात ठेवून सगळं केलं. आमच्या विंडोजला वाटतं, फोन लागला की झालं. तुझ्या लिनक्सला आधी नाव हवं, मग पासवर्ड. म्हणून डायल झाल्यावर ती काळी खिडकी उघडायची सोय केली. नाव टाकलं, तर हाकललं. दुसऱ्या दिवशी कळलं, पहिलं अक्षर लहानच लागतं. लहान-मोठा भेद पाळणारं कोणी आपल्या घरात पहिल्यांदाच शिरलं! तेही ऐकलं. मग आत घेतलं, आणि अर्ध्या मिनिटात लाइन कट. स्पीड कमी केला, वायर बदलली. रोज कट.

काल कारण सापडलं. आतल्या खोलीत माय त्याच लाइनचा दुसरा फोन कानाला लावून बसलेली.

"काहून उचलते वं माय?"

"सात वाजता अश्वजितले फोन लावतो म्हनते ना तू? मले बी बोलाचं हाय."

"त्यात मशीन बोलते, तो नाही."

"तुमी दोघं बोलत नाही म्हनून मशीन बोलते. माहं त काई भांडन नाही त्याच्यासंग."

एवढं बोलायला ती तीनदा थांबली.

वर 'खुशाल' लिहिलंय, ते सवयीने. आकडे असे: शुक्रवारी दोनशे दहा, शनिवारी दोनशे, मग एकशे ऐंशी, एकशे साठ, काल एकशे तीस. कापूस नाही म्हणून जिनिंगला यंदा कुलूप आहे. पण तिथली तीस वर्षांची रुई तिच्या छातीत अजून उडतेच आहे. इथल्या डॉक्टरांनी श्वासाचा पंप वाढवलाय, पुढचं पुण्याला विचारून म्हणतात.

तिला फोनपासून उठवून काल आकडे पाठवले. गेले. तू पाहिलेस की नाही, कळायला मार्ग नाही. साधा फोन लावला, तर तुझ्याकडे मॉडेमच उचलतो. ऑफिसचा नंबर तू दिला नाहीस, मी मागितला नाही. म्हणून हे पत्र रात्रीच्या पुणे ट्रॅव्हल्सच्या भावसिंगजवळ देतोय. उद्या सकाळी तो तुझ्या दारात येईल. लगेच डॉक्टरीणबाईंना विचारून फोन कर. दुपारपर्यंत आला नाही, तर मी मायला यवतमाळला भरती करतो. फोनजवळ तीच बसून आहे, तीच उचलेल.

आणखी एक. तुझ्या लग्नात माईक हातात आला म्हणून मी तुझी टिंगल करणारा माझा तो लेख वाचला. मांडव हसला, नवरी असून दीपमाला उठून गेली. माझं चुकलं. सहा वर्षं हे तुम्हा दोघांचं माझ्याकडे राहिलं होतं, आज देतो. तिलाही वाचून दाखव.

तुझा,
भीमराजदादा