अलंगोलम

तीर्थस्वरूप दाजींस,

गुडघे परवानगी देतील तेवढा साष्टांग नमस्कार. ताईची कंबर आता वाकत असेल आणि तुमची मतं अजून ताठ असतील, अशी आशा आहे.

दिवाळीत तुम्ही (रीतसर डिप्लोमावाले) म्हणालात, अंबत्तूरच्या कारखान्यांत चित्रकाराला विषय काय मिळणार? झोंबलं. म्हणून एन्नोरला समुद्र रंगवायला गेलो. वारा असा, की ओल्या चित्राचा सँडपेपर झाला (अलकनंदाने त्यावर कढई घासून पाहिली). घरी येऊन चपला काढताना विषय दिसला: आमच्या दाराबाहेरचा जिना! काठ चिरलेली निळी प्लास्टिकची घागर, उलटी सायकल, तीन पायांची खुर्ची, गणपतीचा थर्माकोल. तुमच्या कॉलेजात फळं मांडून ठेवतात; इथे नियतीनेच मांडणी केलेली (अलकनंदा म्हणते, नियतीने नाही, तुम्ही).

मी रंगवत असताना समोरच्या विद्यालक्ष्मी मामींनी दार उघडलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, “अय्यय्यो, अलंगोलम!” माझं तमिळ रंगकामासारखंच स्वकष्टाचं. फोड सरळ होती: अलंकार अधिक कोलम, म्हणजे सजवलेली रांगोळी. याहून नेमकं नाव कुठलं? तेच तळाशी ठसठशीत तमिळ अक्षरांत घातलं (ल कुठला, ळ कुठला, नीट तपासून) आणि चित्र सोसायटीच्या पोंगल प्रदर्शनाला दिलं.

ते थेट फाटकावर लागलं. लोक थांबत, हसत, मान डोलवत. मी ताठ मानेने भाजी आणू लागलो. भोगीच्या सकाळी मी तिळाच्या भाकरीची वाट बघत होतो (आपली भोगी खायची, इथली अडगळ टाकायची), तर सेक्रेटरी शेषाद्री माणसं घेऊन आले आणि जिना साफ! मी धावलो. शेषाद्री तंजावरच्या मराठी घरातले. शांतपणे म्हणाले, “रविकांतराव, ‘पसारा’ असं तुम्हीच लिहून दिलंत की. एवढं कबूल करणारा मनुष्य या बिल्डिंगीत प्रथमच बघतो.”

स्वच्छतेच्या पोस्टरचं पहिलं बक्षीस मला मिळालं. मामींच्या हस्ते, झाडू.

बाकी क्षेम.

आपला,
रविकांत

ता. क. तुमच्या शाळेच्या प्रदर्शनात एक भिंत रिकामी असल्याचं ताईकडून कळलं. चित्र कुरिअर केलं आहे. नाव झाकू नये. कोणी विचारलंच तर ‘अलंकृत’ असा अर्थ सांगावा.

ता. क. २. गावात तमिळ जाणणारं कोणी असल्यास त्यांना त्या दिवशी घरी जेवायला बोलवावं, आणि सावकाश वाढावं.

ता. क. ३. झाडू दाराबाहेर टेकवून ठेवला आहे. दुपारी त्याची सावली भिंतीवर अशी काही पडते, दाजी, की शेजारी एक फुटकी बादली हवीच. मामींनी अजून पाहिलेलं नाही.