कडूबाई वकिलांच्या टेबलाची व्यवस्था

मी कानिफनाथ रंगनाथ दरंदले, वय २४, शिक्षण नववीपर्यंत, राहणार आंबेवस्ती, जिल्हा अहमदनगर, राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. कुणी दारू पाजलेली नाही, कुणी धाक घातलेला नाही. सध्या कर्जतकडे दुष्काळी कामावर विहिरीत सुरुंग लावतो. मंगळवारी एक सुरुंग उशिरा उडाला. टोपी वर गेली, मी खाली राहिलो. तेव्हाच म्हटलं, कागद करून टाकावा. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, हे थोरली बहीण कडूबाईने सांगितलं. ती वकील आहे.

१) माझ्या वाट्याची दोन एकर जिराईत कडूबाईला. भाऊ छगन म्हणेल, "पोरीला इतकं शिकवलं, आता जमीन पन?" व्हय, पन.

२) सायकल छगनला. ती देवळाली प्रवऱ्याला एका हॉटेलामागे आहे. तिथे का राहिली ते लांबचं आहे. तमाशाचा फड आला होता. छगनने पायी जाऊन आणावी.

३) आता मुख्य मुद्दा. आक्काने पुण्यात लॉ केलं, सीनियर वकिलाच्या हाताखाली वर्ष काढलं, बार कौन्सिलची परीक्षा दिली, तेव्हा मुंबईहून सनद आली. आईने सनदेला हळदकुंकू वाहिलं. मला वाटलं, झालं. पण आमच्या तालुक्याला पक्षकार आधी वकील संघाच्या खोलीत डोकावतो. तिथे ज्याचं टेबल, तो वकील. आक्का दहा महिने बाहेर लिंबाखाली उभी आहे. अशिलं येतात, बघतात नि आत जातात. असंच चाललं तर ती सनद पेटीत ठेवील.

संघाचे अध्यक्ष काकासाहेब वकील तिला म्हणाले, "पोरी, आत बाईमाणूस बसलं की आम्हाला तंबाखू मळायची चोरी."

आक्का म्हणाली, "मळा की, काका. आमच्या घरात काय अत्तर लावतात?"

सगळे हसले. टेबल काही मिळालं नाही.

संघ वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. काकासाहेबांचा पाय मोडला तेव्हा चार महिने बाकीच्यांनी त्यांच्या तारखा चालवल्या, फी घरी पोचवली. आपल्या माणसाला सांभाळायची त्यांना जाण आहे. मग माझी बहीण त्यांची कोण?

चूक माझीही झाली. फेब्रुवारीत मी टेबल डोक्यावर घेऊन गेलो नि मोकळ्या कोपऱ्यात टेकवलं. ती जागा राधाकृष्ण वकिलांची. ते आदल्या डिसेंबरात वारले होते, आणि मयत वकिलाची जागा वर्षभर मोकळी ठेवायची तिथली रीत. मला काय ठाऊक! काकासाहेब ओरडले, "मयताची जागा बळकावतोस व्हय रे?" टेबल बाहेर आलं. माझ्यापायी आक्काला सगळ्यांपुढे हात जोडावे लागले. ते मला अजून सलतं.

४) परवा शुक्रवारी वर्ष भरलं. त्यांच्याच रीतीने जागा आता मोकळी आहे आणि सनद असलेला बिनटेबलाचा वकील तालुक्यात एकच. सबब टेबल त्या कोपऱ्यात कडूबाईचं म्हणून ठेवावं.

५) मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं म्हणे. चौथ्या कलमासाठी मी मरायची वाट बघणार नाही. उद्या सोमवारी पहिली एसटी धरतो. टेबल घरून उचलतो नि कोर्ट भरायच्या आत कोपऱ्यात मांडतो. आक्का खुर्ची घेऊन येईस्तोवर टेबलावर मी बसून राहीन. ज्यांना बाहेर काढायचं आहे त्यांनी मला टेबलासकट उचलावं. या वेळी हात कुणी जोडणार नाही.

लिहून देणार: कानिफनाथ रंगनाथ दरंदले

साक्षीदार:
मच्छिंद्र तुकाराम खरात, मुकादम. (उद्याची रजा दिली आहे.)
अलीम हुसेन शेख, ड्रिलवाला. (मी पन जातो. टेबल जड हाय.)

मुक्काम विहिरीचं काम, तालुका कर्जत
रविवार, ता. १० डिसेंबर १९७२